चार वाजताचा धूर

बाबा, मागच्या महिन्यात मी मोठ्या जहाजात बसले. हे तुम्हाला सांगावं असं परत आल्यापासून रोज वाटतंय आणि रोज काहीतरी काम निघतं. आज कामही नाही. मी आता बहात्तर वर्षांची आहे, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मोठी, तेव्हा बरोबरीच्या माणसासारखं बोलायला हरकत नसावी. मला हल्ली कशाचं फारसं काही वाटत नाही. डॉक्टर म्हणतात वयामुळे, मुलगी म्हणते एकटी राहते म्हणून. मला वाटतं मी आधीपासून तशीच आहे, फक्त आता लपवायचा कंटाळा येतो.

मुंबई ते गोवा आणि परत, तीन दिवसांची सहल. तुमच्या नातीने तिकिटं काढली आणि मग मला सांगितलं. गुडघ्यांचं कारण पुढे केलं तर म्हणाली, जहाजात लिफ्ट असते. होती खरी, एक सोडून सहा. ते जहाज कसलं, पाण्यावरचं मंगल कार्यालय. सकाळी आठपासून गाणी, नाश्त्याला लांबलचक रांग, एकाच प्लेटीत डोसा आणि पास्ता. समुद्राकडे बघणारं माणूस शोधावं लागत होतं. टेबलावर नॅपकीन कागदी. मुलगी आणि जावई फोटो काढायला गेले की मी बसल्या बसल्या त्या कागदाची पंख्याची घडी घालत होते, तुम्ही धोतराच्या तुकड्यावर शिकवलेली. कागद ती घडी धरत नाही, उलगडून पडतो. तसं चारपाच वेळा झालं आणि माझ्या लक्षात आलं की मला तुमच्या जहाजाची आठवण येतेय. जे मी कधी पाहिलं नाही, आणि बाराव्या वर्षापासून ज्यावर माझा विश्वासही नव्हता, त्याची.

तुम्ही सांगायचात ते सगळं मला पाठ आहे. जेवणाच्या हॉलमध्ये उतरायला मधोमध रुंद जिना, आणि सगळ्यांनी बघावं म्हणून बायका मुद्दाम उशिरा यायच्या. पियानोचे पाय जमिनीला स्क्रूने आवळलेले. रोजच्या जेवणाचं कार्ड जहाजावरच्याच छापखान्यात छापलेलं. सकाळी अकरा वाजता गोरे लोक डेकवर आरामखुर्च्यांत पायांवर पांघरूण घेऊन बसायचे आणि त्यांना कपातून गरम सूप द्यायचे, थंडी असो नसो. सिडनीहून जहाज सुटताना वरचे लोक आणि धक्क्यावरचे लोक रंगीत कागदी फितीचं एकेक टोक धरून राहायचे, आणि जहाज सरकलं की त्या फिती ताणत ताणत तुटायच्या. तुम्ही हे सांगताना हातातला चहा निवून जायचा आणि आई दुसऱ्यांदा गरम करायची. तुमचं स्वतःचं काम खाली कपड्यांच्या कोठारात होतं. धुऊन, इस्त्री होऊन आलेल्या चादरी आणि टेबलक्लॉथ घड्या करून रचायचे आणि मागतील तसे वर पोचवायचे. वरचं ते सगळं वैभव तुम्ही कपडे पोचवताना दारातून पाहिलेलं. पण आम्हाला सांगताना ते दार कधी मध्ये यायचं नाही.

आणि धूर. मुंबईहून कोलंबोला जाताना तुमचं जहाज आपल्या किनाऱ्यासमोरून जायचं, समुद्रात फार आतून. तुम्ही मुंबईहून आंतर्देशीय पत्रात लिहायचात, अमक्या तारखेला पहाटे सुटतोय, चारच्या सुमारास आपल्या गावासमोर असेन. दुपारची जेवणं आटोपली की तुम्हाला अर्धा तास मिळायचा आणि मागच्या डेकवर उभं राहता यायचं. आईने सड्याच्या, समुद्रावरच्या कातळी माळाच्या, टोकाला जाऊन नारळाच्या झावळ्यांची ओली चुडतां पेटवायची. धूर दिसला म्हणजे घरी सगळं ठीक आहे, असं तुमचं ठरलेलं. दिसला नाही तर काय, ते कधी कोणी बोललं नाही. बाहेरच्या बंदरांतून पत्र पोचायला महिना-महिना लागायचा, तेव्हा त्या धुरावर तुमचे पुढचे कितीतरी दिवस जायचे, एवढं मला बाराव्या वर्षी कळत होतं. आम्हाला जहाज कधी दिसायचं, कधी नाही. दिसलंच तर नखाएवढं पांढरं काहीतरी, तेही आई दाखवायची म्हणून.

त्या मार्चमध्ये मामाला कुडाळच्या दवाखान्यात ठेवलं होतं, म्हणून आई तिकडे गेली. जाण्याआधी तिने चुडतां सड्यावर रचून ठेवली, काडीपेटी माझ्या हातात दिली आणि तीनदा बजावलं. त्याच दुपारी शाळेत पिंगुळीचे बाहुल्यावाले आले होते. मी विसरले, असं मी आजवर स्वतःलासुद्धा सांगितलेलं नाही. चार वाजले ते मला कळलं, कारण शाळेची घंटा झाली. रावणाची बाहुली तेव्हा हात उडवत बोलत होती आणि पुढे सीतेचं काय होतं ते मला माहीत असूनही बघायचं होतं. काडीपेटी फ्रॉकच्या खिशात होती. मी बसून राहिले. संध्याकाळी आई आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, "पेटयलंस मगे?" मी होय म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाता जाता सड्यावर जाऊन ती चुडतां जाळून टाकली, म्हणजे तिला काही सापडू नये. त्यानंतर चार महिने मी पोस्टमन दिसला की घरात जाऊन बसायचे. मला वाटायचं, तिकडे समुद्रात कुठेतरी तुम्ही आम्हाला मेलेलं समजून घड्या घालताय.

तुम्ही भर पावसाळ्यात आलात. स्वयंपाकघरात चुलीजवळ पाट मांडलेला, पानात कुळथाची पिठी आणि भात, कोपऱ्यात तुमची ट्रंक अजून बंद. आई वाढतेय. तुम्ही पहिला घास घेता आणि माझ्याकडे बघून म्हणता, "मार्चातलो धूर सगळ्यात बरो. सरळ वर गेलो."

आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "चेडवान केलो तो. मी कुडाळाक होतंय."

तुम्ही पानावरून उठलात, उष्ट्या हाताने ट्रंक उघडता येईना म्हणून डाव्या हाताने उघडलीत आणि माझ्यासाठी त्या फितीचं गुलाबी भेंडोळं काढलंत. सिडनीच्या धक्क्यावर कुणाच्या तरी हातातून सुटलेलं, न उलगडलेलं. आई माझ्याकडे कौतुकाने बघत होती. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं, कारण तुम्ही काळजीत नव्हता, तुम्ही मजेत होता. पण मला एवढंच कळलं की माझे बाबा खोटं बोलतात, आणि तेही असं सहज, भात कालवता कालवता. तसं म्हणायची सोय नव्हती, कारण म्हटलं असतं तर माझंच आधी बाहेर पडलं असतं. मी थँक्यू म्हटलं. तुम्हीच शिकवलं होतंत. ते भेंडोळं पुढे शाळेच्या गॅदरिंगला मखराला लावलं.

तेव्हापासून मी तुमच्या गोष्टी ऐकायच्या सोडल्या. जो माणूस न पेटलेला धूर बघतो, त्याने पियानो तरी कशावरून बघितला? जिनाही खोटा, सूपही खोटं, फितीसुद्धा कुठल्या तरी दुकानातल्या. पुढे लोक विमानाने जाऊ लागले, तुमची जहाजं एकेक करून भंगारात गेली आणि तुम्ही ट्रंक घेऊन कायमचे घरी आलात. ओट्यावर बसून येईल त्याला जहाज सांगायचात. पोस्टमन, वायरमन, मासे घेऊन येणारी बाई, कुणाची सुटका नाही. लोक ऐकायचे, कारण तुम्ही सांगायचात छान. मी आतल्या खोलीत असायचे आणि मला लाज वाटायची.

मला बघायला शिरोड्याहून मंडळी आली त्या दिवशी तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत जहाजाच्या जिन्यावर आलात. बायका उशिरा कशा यायच्या, त्यांचे झगे पायऱ्यांवर कसे मागून यायचे, तुम्ही हाताने दाखवत होता. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. मी अगदी शुद्ध भाषेत, हसत म्हटलं, "बाबांचं मनावर घेऊ नका हं. ते जहाजात चादरींच्या घड्या घालायचे." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मंडळी गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात पाणी प्यायला आलात, तांब्या ठेवलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "खरा आसा गो तुझा. चादरीच होत्यो त्यो."

लग्न तिथेच ठरलं. तुम्ही त्यानंतर अकरा वर्षं जगलात आणि जहाजाचा शब्द काढला नाही. कोणी मुद्दाम विचारलं तर म्हणायचात, आता आठवत नाही. आई एकदा मला म्हणाली, ह्यांका काय झाला काय म्हायत, बोलणत नाय. मी म्हटलं, वय झालं. तुम्ही गेलात तेव्हा मी कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांचं चहापाणी बघत होते. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांच्या चादरी मी घड्या करून कपाटात ठेवल्या, कडेला कड लावून, तुमच्या पद्धतीने, आणि तेव्हाही काही वाटलं नाही.

तर ही सहल. गोव्याहून जहाज जेवणाच्या वेळेला सुटलं. चारच्या सुमारास मुलगी मला हाताला धरून उजव्या बाजूच्या कठड्याशी घेऊन गेली. आता मालवण येईल, आपला किनारा, म्हणाली. किनारा दिसत होता, पण फिकट, डोंगर कुठला आणि सडा कुठला ते कळत नव्हतं. आणि त्या सगळ्या किनाऱ्यावर धूर होते. एक दोन नाही, मी सात मोजले आणि मग मोजायचं सोडलं. मार्च महिना, भाजावळीचे दिवस. भाताच्या रोपांचा तरवा टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून पावसाच्या आधी सगळे जाळतात, तुमच्याही वेळी जाळायचे. जन्मभर मी त्या धुरात कपडे वाळत घातले, डोळे चोळले, शेजारणीशी भांडले. पण समुद्रातून तो कसा दिसेल, हे बहात्तर वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. वारा पडलेला होता. सगळे धूर सरळ वर चालले होते.

म्हणजे तुम्ही पाहिला होतात. कुणाच्या तरी मळ्यातला, ज्याला तुमचं नावही ठाऊक नसेल त्याचा धूर बघून तुम्ही आम्ही ठीक आहोत असं समजलात आणि खाली जाऊन कामाला लागलात. तुम्ही खोटं बोलला नाहीत. मग जिनाही असणार, पियानोही असणार, आणि मी ते सगळं तुमच्या तोंडातून काढून घेतलं, बघायला आलेल्या मंडळींसमोर, हसत. मला तिथे कठड्याला धरून रडू आलं असं लिहायला बरं वाटलं असतं. नाही आलं. हात गार पडले, एवढंच. मागे गाणं चालू होतं. मुलीने विचारलं, थंडी वाजतेय का? मी नाही म्हटलं.

तुम्हाला पत्रं पाठवायची ती जहाज कंपनीच्या मुंबईच्या कचेरीच्या पत्त्यावर. तिथून ती कुठल्या कुठल्या बंदरात तुमच्या मागे मागे जायची. तो पत्ता मला अजून तोंडपाठ आहे, पण पाकीट आणलेलं नाही आणि आणणारही नाही. त्या मार्चचं मी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुलीलाही सांगितलेलं नाही. तिथे कठड्याशी तिने मोबाइल वर धरून विचारलं, "आई, ह्यात आपलं घर कुठेशी?" मी एका धुराकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, तो बघ, तो आपला. तिने फोटो काढला. घराला कुलूप होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आणि तरीही बाबा, मला बरं वाटलं.