भिंतीअलीकडची ब्रोकोली

ता. ९ मार्च

प्रिय दादा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, बाकी तब्येत ठणठणीत. वहिनीला नमस्कार सांग. तिच्यावर माझा राग नाही.

तीन वर्षांनी तुझं पत्र आलं आणि तेही गयावया करणारं! दोनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा चहा घेऊन निवांत बसून वाचलं.

बियाणे कंपनीने तुझं फ्लॉवरचं बी पेरून पाहिलं आणि गड्डे हिरवट, विस्कटलेले निघाले, असं कसं झालं म्हणून विचारतोस. सांगते. तुझी झाडं फुलावर होती तेव्हा आपल्या दोघांच्या बागांमधल्या भिंतीच्या अलीकडे माझ्या ब्रोकोलीच्या चार ओळी पिवळ्या फुलांनी भरल्या होत्या. बाकीचं मधमाश्यांनी केलं.

चोरून काही केलं नाही हं. बी धरण्यासाठी झाडं फुलावर सोडायची, तर बाबा आधी मैलभरातल्या प्रत्येक बागवानाला स्वतः जाऊन सांगून यायचे. मीही वहिनीला सांगितलं, "ब्रोकोली फुलावर सोडतेय, दादाच्या कानावर घाल." तुझा उलट निरोप आला, "तिला म्हणावं खुशाल सोड. ब्रोकोली वेगळी, फ्लॉवर वेगळा." तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

बाबा शिकवायचे तेव्हा तू कधी बसलास? ब्रोकोली हा इटालियन शब्द, अर्थ नुसता कोवळे धुमारे. नाव परकं म्हणून भाजी परकी होत नाही. ती आणि फ्लॉवर एकाच रानकोबीची लेकरं. शेजारी फुलली की बियांत सरमिसळ होणारच, आणि बी बघून ती कळत नाही. गड्डा धरल्यावर कळते.

अकरा वर्षं मी बाबांबरोबर वाफ्यांत वाकून पांढऱ्यात पांढरा, घट्टात घट्ट गड्डा शोधला आणि बियाण्यासाठी राखायची खूण म्हणून त्याला दोरा बांधला. तेव्हा कुठे आपलं ते बी तयार झालं. बाबा गेल्यावर तू त्या बियांची बरणी उचलून नेलीस आणि कंपनीच्या कागदावर एकट्याचं नाव घातलंस. साहेबांसमोर म्हणालास, "ही काय, खुरपणीला यायची." ते अजून झोंबतं मला.

म्हणून सूड घेतला. ठरवून घेतला. तुझे हिरवट गड्डे ऐकून पोटभर आनंद झाला.

एक गोष्ट मात्र लिहायची टाळत होते. तू बरणीतलं सगळं बी एकदम पेरलंस, हे मला ठाऊक होतं. म्हणजे तुझ्या पिकाबरोबर बाबांचं बीही कायमचं जाणार होतं. तरी गप्प बसले. त्या फुलांकडे रोज बघायचे आणि घरात येऊन रडायचे, पण झाडं उपटली नाहीत.

आता तू लिहितोस, "बाबांच्या बरणीतलं मूठभर बी तू तेव्हा काढून घेतलं होतंस. त्यातलं चिमूटभर तरी पाठव, झालं गेलं विसरू." ज्यासाठी तू मला चार बागवानांसमोर चोर म्हणालास, माझी पिशवी भर अंगणात उलटी केलीस, तेच ना हे बी? आज मी खरंच चोर असावं, असं तुला किती मनापासून वाटत असेल!

दादा, मी एक दाणाही घेतला नव्हता.

तुझी,
धाकटी