पान एकसष्टवरचा शब्द

म्हसावद, ता. शहादा
९ जून २०२४

प्रिय उमाकांत,

स. न. वि. वि. 'प्रिय' सवयीने लिहिले गेले. राहू दे. स्वतःच्या पत्रात मला खाडाखोड चालत नाही. प्रत्येक पत्र दोनदा वाचून मगच बंद करतो, हे तुला ठाऊक आहे.

पत्र आणि पुस्तक, दोन्ही मिळाले. इकडे सर्व ठीक. ऊन अजून उतरलेले नाही. धर्मेंद्र सुरतेला आहे, मुलगा म्हणून दिवाळीला येऊन जातो. गायत्री बरी आहे. फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतोस आणि मला उत्तर सुचत नाही.

आता पुस्तक. मुखपृष्ठावर टाय लावलेला मुलगा हवेत उडी मारतो आहे. त्याला एवढा आनंद कशाचा झाला, ते आत दोनशे पानांत कुठेही कळत नाही. प्रस्तावनेत तू लिहितोस की ही 'इंग्रजी शब्दसंपदा वाढवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत' आहे. शास्त्र कुठले? मोलगीच्या आश्रमशाळेत सत्त्याऐंशी साली तू आणि मी असे दोन मास्तर होते आणि पुठ्ठा निघालेला एक कोश होता. वीज नव्हती. आठवड्याला तीन इंग्रजी अक्षरे ठरवायची. ती त्याच क्रमाने, एकमेकांना चिकटून ज्यात येतात, असा लांबात लांब शब्द शोधायचा. शब्दसमूहही चालेल, मधली मोकळी जागा मोजायची नाही. जे काही असेल ते कोशात हवे. हरणाऱ्याने बाजाराच्या दिवशी चहा पाजायचा. तुझी नाशिकला बदली झाली आणि खेळ पोस्टाने चालू राहिला. एवढेच होते ते. तू त्याला टाय बांधलास.

आणि शब्द कोणाचे? पान एकसष्ट उघड. आर, आर, ई. 'काउंटररेव्होल्युशनरी', वीस अक्षरे. 'इररिकन्सायलेबल', चौदा. 'करस्पॉन्डन्स', चौदा. 'डिझास्टर रिलीफ', जागा सोडून चौदा. सगळे इथून गेलेले. त्या आठवड्यात तू काय दिले होतेस? 'करंट'. सात अक्षरे. पाचवीतला मुलगाही लाजला असता.

प्रस्तावनेच्या शेवटी एक वाक्य आहे: 'यातले उत्तम शब्द म्हसावदहून आले.' म्हसावद हे गाव आहे, उमाकांत. गावात पपई होते, केळी होतात, कापूस होतो. गाव शब्द शोधत नाही. एक नाव लिहायला तुझ्याकडची शाई संपली होती का?

तुझा प्रश्न. कुणा प्राध्यापकाने प्रकाशकाला कळवले आहे की पान एकसष्टवरचा 'अनकॉरेन्डिबल' हा शब्द कोणत्याच कोशात नाही. प्रकाशक म्हणतो, दुसऱ्या आवृत्तीतून काढा. पंचवीस तारखेला पाने छपाईला जाणार. आणि तू मला विचारतोस, काढू का?

विचारतोस कशाला? शब्द खोटाच आहे. मी मुद्दाम घातला होता. तू एक दिवस हे सगळे आपल्या नावावर खपवणार, याची मला खात्री होती, म्हणून चोर ओळखायला एक खूण ठेवली. आठ वर्षे थांबलो. सापडलास.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे शब्दापुढे तू अर्थही दिला आहेस. 'ज्यात दुरुस्ती करायची नसते असे.' जो शब्दच नाही, त्याचा अर्थ! इतकी वर्षे वर्गात तू हेच करत असणार. माहीत नसले की छातीठोक काहीतरी सांगायचे. तुझे विद्यार्थी आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत, असे मलपृष्ठावर छापले आहे. विश्वास बसतो.

काढून टाक.

तुझा (हेही सवयीने),
नवनीत


म्हसावद
२० जून २०२४

उमाकांत,

तुझे टपाल काल आले. उघडले तर आत पत्र नाही. फक्त आठ वर्षांपूर्वीचे माझेच एक पाकीट, कडेने नीट कापलेले. पुढच्या बाजूला माझ्या अक्षरात तुझा पत्ता. मागे, चिकटवलेल्या पट्टीखाली, पेन्सिलने लिहिलेला एकच शब्द. त्याच्याखाली तुझी हिरवी शाई: 'चार कोश पाहिले. नाही. ४ ऑगस्ट २०१६.'

म्हणजे पाकीट मिळाले त्याच दिवशी तुला कळले होते. नसलेला शब्द तू जाणूनबुजून छापलास. लोकांची पाकिटे आठ वर्षे जपून ठेवणारा माणूस पोलीस खात्यात शोभला असता. शाळेत फुकट गेलास.

पेन्सिलचे अक्षर कोणाचे, ते तू विचारलेले नाहीस. तुझा हा सभ्यपणा मला कधीच सहन झाला नाही. तेव्हा मीच सांगतो.

खूण वगैरे काही नव्हती. 'करंट' तुझा नव्हता, माझा होता. त्या आठवड्यात तू काय दिलेस ते मला आठवतही नाही. लांब शब्द माझ्या बायकोचे, गायत्रीचे. मोलगीपासूनचे. भाकरी थापताना ती शोधायची आणि अक्षरे बोटांच्या पेरांवर मोजायची. एका हाताची बारा पेरे. अंगठा करंगळीपासून निघायचा आणि तर्जनीच्या टोकाला पोचायचा. बारा संपली की दुसरा हात पुढे यायचा, म्हणजे शब्द मोठा. तव्यावरची भाकरी तेव्हाच करपायची. मी ओरडायचो. मग शब्द माझ्या अक्षरात उतरवून तुला पाठवायचो. तू लिहायचास, 'नवनीत, तुझ्यापुढे हात टेकले.' ते वाक्य मी तिला वाचून दाखवायचो, आणि ती हसायची. कशाला हसायची ते मी विचारले नाही.

तुला हे मोलगीलाच कळले असणार. त्या एवढ्याशा खोलीत न कळायला काय झाले? म्हणून तू 'म्हसावद' लिहिलेस. माझे नाव घातले असते तर खोटे झाले असते. तिचे घातले असते तर माझी शोभा झाली असती. मी मात्र तुला चोर म्हणालो. चोराने दुसऱ्याला म्हणावे तसे.

त्या जुलैच्या अखेरीस एका दुपारी ती माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, तेरा. मग शब्द सांगितला. मी कोश काढला, पाहिला, आणि म्हणालो, 'असा शब्द नाही.'

ती म्हणाली, 'शे ना. मन्हा तोंडमा शे.' तिच्या तोंडात आहे म्हणे.

मी कोश तिच्या हातात दिला. दिला म्हणजे आपटला. दाखव, म्हणालो. ती ओट्यावर बसून पाने उलटत राहिली. चार वाजले, पाच वाजले. मी पेपर वाचत होतो. मदत केली नाही. नसलेली गोष्ट शोधणाऱ्या माणसाला मदत काय करणार, असे तेव्हा वाटले होते. मी पत्र संपवले, त्यात तिचा शब्द घातला नाही, आणि पाकीट पेटीत टाकायला तिच्याकडेच दिले. तिने ते पेटीपर्यंत नेताना काय केले, ते मला काल कळले. पुढे पुस्तकात तो शब्द दिसला तेव्हा वाटले, तिने तुला वेगळे पत्र लिहिले असेल. रागाचे खरे कारण ते होते.

तेच खेळातले शेवटचे पाकीट. मीच थांबवले. तू दोनदा विचारलेस, मी उत्तर दिले नाही.

त्यानंतर तिचे शब्द असेच येऊ लागले. आधी इंग्रजी गेले, मग मराठी. मी एकेक दुरुस्त केला. चमच्याला कंगवा म्हणाली, तर कंगवा हातात देऊन उभा राहायचो, वर्गात उभा राहायचो तसा. सिंधुबाई तिचे करायला येते. तिने एकदा मला हटकले, 'सर, गलत ते गलत, पन बोलू द्या ना तिले.' मी तिला म्हणालो, तू तुझे काम बघ. आजाराला डॉक्टरांनी एक लांब इंग्रजी नाव सांगितले आहे. ते कोशात आहे.

गेल्या होळीपासून गायत्री बोलत नाही. काहीच नाही. 'बरी आहे' असे मी तुला लिहिले. तेही खोट्यात धर.

आज सकाळी सिंधुबाई तिची वेणी घालत होती. मी समोर खुर्ची घेतली आणि पान एकसष्ट वाचले, एकेक अक्षर सुटे करून. वीस अक्षरांच्या शब्दाला ती भिंतीकडे पाहत होती. 'करस्पॉन्डन्स'लाही. सिंधुबाई मला वेडा समजत होती. तिला समजू दे.

मग तो शब्द. यू. एन. सी. ओ. गायत्रीचा अंगठा करंगळीची तीन पेरे ओलांडून पुढच्या बोटावर आला होता. मी थांबलो तेव्हा तोही थांबला. पुढचे अक्षर म्हटले, तो पुढच्या पेरावर गेला. 'एल'ला तर्जनीचे टोक. बारा. शेवटचा 'ई' म्हणायला मला वेळ लागला. त्याआधीच तिने डावा हात मांडीवरून उचलून पुढे धरला होता.

माझ्याकडे पाहिले नाही. बोललीही नाही. सिंधुबाईने वेणी पुरी केली. त्यात काही चमत्कार नाही, आणि तू तसे लिहून पाठवू नयेस.

शब्द काढू नकोस. अर्थ तू दिला आहेस तोच ठेव. तो कोणासाठी लिहिला होतास, ते मला आज समजले. प्रस्तावनेतले 'म्हसावद' खोड आणि तिथे गायत्री पाटील लिही. माझे नाव कुठेही नको. 'करंट'खालीसुद्धा नको. त्या प्राध्यापकांना कळव की त्यांचा कोश अपुरा आहे. पंचवीसच्या आत तुला हे मिळावे म्हणून तळोद्याला जाणाऱ्या जीपवाल्याकडे देत आहे. तिथून लवकर निघेल.

पत्र पुन्हा वाचलेले नाही. चुका असतील. असू देत.

नवनीत