पिवळं विमान आणि माझी पोटदुखी

प्रिय चिमणे,

एकाच घरात राहून बाबा पत्र कसलं लिहितायत, असं तुला वाटेल. पण तू समोर बसलीस की मी हवापाण्यावर बोलतो आणि मुद्द्याचं गिळून टाकतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला उडायला मनाई केली, तेव्हाच माझ्या फवारणीच्या पिवळ्या विमानात आता तू बसणार हे ठरल्यासारखं होतं. शिकवलं मीच. लोकांना वाटतं, बापाला केवढा आनंद! परवा पलीकडच्या मक्याच्या शेताचा मालक बांधावर भेटला. म्हणाला, "काका, राग मानू नका, पण पोरीचा हात तुमच्यापेक्षा हलका. फवारा कसा एकसारखा पडतो!" मी तोंडदेखलं हसलो. घरी येऊन जेवलो नाही. तुझ्या आईला म्हटलं, पोटात दुखतंय. ती म्हणाली, "हो, कशानं दुखतंय तेही कळतंय मला."

तिला माझं सगळं ठाऊक. तरुणपणी मी लोकांची पिकं फवारली, मग आडगावची आजारी माणसं इस्पितळात पोचवली. मध्येच शेतीचं खूळ शिरायचं. गुलाब लावले, स्वतः उडवत शहराच्या बाजारात नेले. त्यांना कीटकनाशकाचा असा वास, की कुणी हात लावेना. बदकं पाळली, तर इंजिनाच्या आवाजानं त्यांनी अंडी घालायचंच सोडलं. कलिंगडं तेवढी झकास आली, आणि विमान धावपट्टी सोडून नेमकं त्यांच्यातच घुसवलं मी. दर खेपेला पहिले पाढे पंचावन्न, पुन्हा आपली फवारणी. जमिनीनं मला कधी जवळ केलं नाही गं. पण वर गेलो की मी कुणीतरी असायचो.

आणि तू? तुझी भेंडी जोरात, मधाच्या पेट्या भरलेल्या, वर उड्डाणही देखणं. काल विजेच्या तारांपाशी तू वळण घेतलंस, तेव्हा मी खाली बांधावर उभा होतो. बाप म्हणत होता, सुखरूप जाऊ दे. आतला चोर म्हणत होता, एकदा तरी जरा चुकू दे. तू चुकली नाहीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता खरं कारण. गेल्या आठवड्यात मोठ्या विमानांवरच्या नोकरीचं तू विचारलंस आणि मी झटकन म्हणालो, "जा, इथं काय ठेवलंय?" तुला वाटलं, बाबांचं मन मोठं. कसलं मोठं! तू गेलीस की विमान शेडमध्ये पडून राहील, माझ्या डोक्यावरून ते दुसरं कुणी उडवणार नाही, एवढंच मला हवं होतं. उद्या तू त्या नोकरीवाल्यांना उत्तर देणार आहेस. खुशाल जा, नाहीतर राहा. पण माझं ते "जा" हिशेबात धरू नकोस. आणि राहिलीसच, तर फवारणीच्या वेळी ओळ दाखवायला शेतात निशाण धरणारा माणूस तुला मिळत नाहीये ना? मी धरीन. जळत धरीन, पण सरळ धरीन.

तुझाच,
बाबा