चौथी नळी कुठली घ्यावी?

पोर्टर्स फोर्ड, मिसुरी
२ फेब्रुवारी

तीर्थरूप हार्लनदादास,

धाकट्या डेलमरचा, कंबर वाकेल तितकं वाकून नमस्कार (यंदा ती फारशी वाकत नाही, तेव्हा उरलेला मनातल्या मनात धरून घ्यावा). इकडे आम्ही सगळे ठीक. नेडीनचा गुडघा बरा आहे, म्हातारा कुत्रा ठार बहिरा झालाय पण आनंदात आहे, आणि छपराची गळती मी पुन्हा एकदा कायमची बंद केली. तुझा खांदा कसा आहे? मार्सी फोनवर म्हणाली की बाबा आता हात कानापर्यंत नेतात. छान झालं. कानापर्यंत हात गेला म्हणजे टोपी घालता येते, आणि टोपी घालता आली म्हणजे माणूस घराबाहेर पडू शकतो. हे आपलं सहज लिहिलं.

तुझी चिठ्ठी पोचली. चार वाक्यांची. डॉक्टर खांद्याला आणखी सहा महिने लागतील म्हणतात, मला एकोणसत्तर झाली, आता पुरे, तुझ्याकडे ठेवलेली माझी रायफल क्लबाच्या बाजारात विकून टाक. सहीसुद्धा धड नाही. मी ती एकदा मनात वाचली, एकदा नेडीनला वाचून दाखवली आणि खिशात ठेवली. त्या विषयावर शेवटी लिहीन. आधी माझी अडचण ऐक, कारण ती मोठी आहे आणि एप्रिलच्या सामन्याला आता दोनच महिने उरलेत. (फोन केला असता, पण फोनवर तू "बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला ते करता येत नाही.)

अडचण नळीची आहे. रायफलीची नळी. तू हसलास, मला इथवर ऐकू आलं. पण या खेळात मला ओढलंस कुणी? आठवडाभर लोकांच्या मोऱ्या उपसून दमलेल्या माणसाला तू एका शनिवारी मैदानावर नेलंस, पिस्तूल, छर्‍यांची बंदूक आणि रायफल अशा तीन तीन बंदुका माझ्या गळ्यात घातल्यास आणि म्हणालास, "घड्याळ वाजलं की पळायचं, जवळचे कागद आणि लांबचे लोखंडी पत्रे टिपायचे, झालं." बावीस वर्षं झाली त्याला, अजून माझं "झालं" होत नाही. जवळच्या कागदांना हलकी नळी लागते, झटकन फिरणारी. लांबच्या पत्र्यांना जड नळी लागते, जागची न हलणारी. एकाच बैलानं शर्यतही मारावी आणि नांगरही ओढावा, तसली ही मागणी.

जूनमध्ये तुझं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या रायफलीवर वीस इंची जाड नळी होती, ती तुला आठवत असेलच (तिला तू "पुलाचा खांब" म्हणायचास). जुलैच्या सामन्यात पहिल्याच फेरीत रायफल मारून झाली, आता ती नेहमीप्रमाणे उभ्या पिंपात खोचून पिस्तुलाकडे पळायचं. मी खोचली. पण तोंडाकडे एवढं वजन, आणि पिंप ठेवलं होतं उतारावर. माझी पाठ वळते न वळते तोच पिंप आडवं झालं आणि रायफल पोटात घेऊन टेकडीखाली गडगडत निघालं. रायफल रिकामी होती, खटका बंद होता, सगळं नियमाप्रमाणे होतं. फक्त ती चालली होती. बॉइडनं शिटी फुंकून सामना थांबवला (बॉइड प्रूइट आता आपल्या तुकडीचा पंच आहे, तू मार्सीकडे राहायला गेल्यावर दुसरं कुणी तयार होईना). मग चूक माझी की पिंपाची यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी पिंप दोषी ठरलं आणि मला ती फेरी पुन्हा मारायला मिळाली. दुसर्‍या खेपेला मी पहिल्याहून वाईट मारली. त्यात पिंपाचा काही हात नव्हता. आणि शेवटचा लांबचा पत्रा दोन्ही खेपांना चुकला. तोच, ओढ्यापलीकडच्या वाकड्या ओकखालचा. त्याचं नाव पुन्हा पुन्हा येणार आहे.

तेव्हा ठरवलं की नळी बदलायची. पण नेडीन म्हणाली की न बघता काही आणायचं नाही, आधी अंदाज घे. आता पाइपांचा अंदाज मला नाही तर कुणाला असणार? मी जुन्या बंदुकीच्या लाकडी दस्त्याला आळीपाळीनं तीन पाइप बसवले: एक लोखंडी, एक तांब्याचा, एक प्लास्टिकचा. परसातल्या कुंपणाच्या खांबांवर कागदी ताटल्या ठोकल्या. नेडीन स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन पायरीवर बसली आणि मी या खांबाकडून त्या खांबाकडे पाइप फिरवत, तोंडानं "ठो! ठो!" करत पळू लागलो. उकाडा होता म्हणून अंगात बनियन आणि अर्धी चड्डी, पायात सपाता. नेमक्या त्या वेळी चर्चच्या तिघी बायका पीचच्या गोड पावाचं भांडं परत न्यायला आल्या. त्या बघत होत्या हे नेडीननं मला दहा मिनिटांनी सांगितलं (ती म्हणते की वेळ चांगली लागत होती म्हणून थांबवलं नाही). पाद्रीबाईंनी अतिशय गोड आवाजात विचारलं, "डेलमर, नळाची कामं हल्ली अशी करतात का?" पुढच्या रविवारी प्रार्थनेत ज्यांच्या प्रकृतीसाठी देवाकडे मागणं मागितलं त्या यादीत माझं नाव होतं. तुझ्या खांद्याच्या आधी.

प्लास्टिकचा पाइप सगळ्यात चपळ ठरला, म्हणून मी सोळा इंची, अंगानं काडीसारखी नळी आणली. (तुकडीतले सगळे म्हणत होते की अठरा इंची मध्यम घे, सगळे तीच घेतात. सगळे म्हणतात ते मी सहसा करत नाही, हे तुला ठाऊकच आहे.) आणि दादा, जवळचे कागद मी असे फोडले की विचारू नकोस! बॉइडनं घड्याळ दोनदा तपासलं. मग लांबचे पत्रे आले. चार पडले, पाचवा, ओकखालचा, उभाच. पाच गोळ्या, पाचही वार्‍यावर. मी ताडलं की नळी पातळ, तापली की लहर फिरते. म्हणून पुढच्या फेरीआधी रिकामी रायफल हातगाडीवर आडवी टाकून नळीवर बर्फाची पिशवी ठेवली. बर्फ वितळला आणि पाणी गाडीच्या खालच्या फळीवर बॉइडच्या जेवणाच्या डब्यात गेलं. बॉइडनं भिजलेलं सँडविच काट्यानं खाल्लं. पत्रा तरीही उभाच.

ती नळी मी ऑक्टोबरच्या बाजारात ट्रूडी हॅगनला देऊन टाकली (शाळेची बस चालवते ती, बदल्यात धुरी दिलेली डुकराची मोठी मांडी दिली तिनं, नाताळला खाल्ली, उत्तम होती). मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं की बाई, ही नळी लबाड आहे, गार असताना एक बोलते, तापल्यावर दुसरंच. ती म्हणाली, "काका, माझ्या बसमध्ये असली चाळीस आहेत." आणि घेऊन गेली.

मग अखेर मी मुकाट्यानं अठरा इंची मध्यम नळी आणली, सगळे म्हणत होते तीच. नोव्हेंबरचा शेवटचा सामना. जवळचे कागद बरे गेले, चार पत्रे पडले, आणि पाचव्याला, तुला सांगायला नकोच, सहा गोळ्या. बॉइडला मी आधीच बजावलं होतं की मी शेवटच्या पत्र्याशी आलो की तू मागून ओरड, कुणीतरी ओरडलेलं बरं असतं. (आपल्या क्लबात त्याला हरकत नाही, मोठ्या सामन्यात आहे, पण तिथं आपल्याला बोलावतंय कोण.) पण बॉइड पडला चर्चमधला सेवक. मी सहाही गोळ्या घालवल्या, घड्याळ थांबलं, रायफल रिकामी करून दाखवली, तेव्हा तो जवळ येऊन कुजबुजला, "डेलमर, राग मानू नकोस, पण मला वाटतं थोडं डावीकडे असतं तर कदाचित बरं झालं असतं." ओरडणं म्हणतात याला?

तर प्रश्न असा: चौथी नळी कुठली घ्यावी? नेडीननं एक तोडगा सुचवला. ती म्हणाली, भाऊजींची रायफल विकायचीच आहे, तिची नळी काढून तुझ्या रायफलीवर लाव, अर्ध्या तासाचं काम, ती नळी त्या पत्र्याला ओळखते. मी उठलो आणि पन्हळीतला पाला काढायला शिडीवर चढलो. भर थंडीत. खाली उतरलो तेव्हा तिला सांगितलं की ती नळी माझ्या रायफलीवर दादा वारल्यावर येईल, त्याच्या एक दिवसही आधी नाही. तुला हे वाचून बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला तेव्हा खरोखरच राग आला होता.

असो. तुझा सल्ला लवकर कळव. मार्सीला आणि मुलांना आशीर्वाद. मार्सीचा स्वयंपाक अळणी असतो हे तिला सांगू नकोस, खात जा.

तुझा धाकटा,
डेलमर

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. (राहिली म्हणजे मी राहू दिली.) नोव्हेंबरच्या त्याच सामन्यात माझ्यानंतर ट्रूडीची पाळी होती. तीच काडीसारखी लबाड नळी, तापलेली. पाच पत्रे, पाच गोळ्या. ओकखालचा पत्रा असा वाजला की पलीकडच्या गाईंनी माना वर केल्या. तुकडीतलं कुणी माझ्याकडे बघेना. आपली माणसं टिंगल करायची सोडतात म्हणजे मामला गंभीर असतो.

ता. क. दुसरा: तुझ्या रायफलीविषयी. तू सांगितल्याप्रमाणे जानेवारीच्या बाजारात मी ती टेबलावर मांडली. दिवसभर मांडली. गिर्‍हाईक लागलं नाही. त्याला माझा इलाज नाही.

ता. क. तिसरा (हे नेडीन लिहितेय, ते पाकीट शोधायला गेलेत): भाऊजी, नमस्कार. गिर्‍हाइकं सात आली होती. हे टेबलासमोर खुर्ची टाकून बसले होते आणि येईल त्याला सांगत होते की नळी खराब आहे. एकाला म्हणाले आतून गंजलीय, दुसर्‍याला म्हणाले वाकलीय, तिसर्‍याला म्हणाले हिच्या मालकाचा स्वभाव हिला लागलाय. आमच्या घरी नाचता येईना अंगण वाकडं हे होतंच, पण यांनी तर एका वर्षात तीन अंगणं बदलली! अहो, नळीला काही झालेलं नाही. बावीस वर्षं त्या शेवटच्या पत्र्याशी हे पोचले की तुम्ही मागून "श्वास सोड, गाढवा, तुझी गाडी सुटतेय का?" असं ओरडायचात. हे श्वास सोडायचे आणि पत्रा पडायचा. जूनपासून यांनी त्या पत्र्यापाशी श्वास सोडलेला मी पाहिलेला नाही. मला विचाराल तर हेच खरं दुखणं आहे. पाकीट सापडलं वाटतं.

ता. क. चौथा: नेडीननं काय लिहिलंय ते तिनं मला वाचू दिलं नाही, पण ती हसत होती, तेव्हा त्यातलं निम्मं खोटं समज. आता मूळ मुद्दा. एप्रिलच्या सामन्यात तुकडीत तुझं नाव मी आधीच घातलं आहे. बंदूक उचलायची नाही, पत्रे उभे करायचे नाहीत, कागदातल्या भोकांना चिकटपट्टीसुद्धा लावायची नाही. घडीची खुर्ची मी हातगाडीवर बांधून आणीन, ओकच्या समोर टाकीन, तू टोपी घालून बसायचंस. (हात कानापर्यंत जातो, मार्सीनं सांगितलंय, आता नाही म्हणू नकोस.) तिला मी कळवलं आहे, शुक्रवारी ती तुला आणून सोडेल. सकाळी नेडीन पाव आणि सॉसेजचा रस्सा करणार आहे, त्यात मीठ असेल. दादा, ऑपरेशन खांद्याचं झालंय, तोंडाचं नाही.

ता. क. शेवटचा: तुझ्या रायफलीची नळी उत्तम आहे. परवाच पुसून, तेल लावून ठेवली. पण कुणाजवळ बोलू नकोस, मार्चमध्ये पुन्हा बाजार आहे.