फुगायला ठेवलेली होडी

सोमवार, ४ मार्च

पोचलो एकदाचा. सासरे बसथांब्यावर हजर! पंच्याहत्तरी उलटली, तरी तळ्यापासून चालत आलेले.

हिनं निघताना बजावलंय, "बाबांना घेऊनच ये. आता एकटं नाही ठेवायचं त्यांना. माझ्यावर ओरडतात, तुझं ऐकतील." म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधायची! रविवारी परत निघायचं. आज प्रवासाचा शीण आहे, उद्या बोलू.

मंगळवार, ५ मार्च

नाही बोललो. दिवसभर ते आपल्या होडीपाशी. मिस्त्री आठवडाभर ती दुरुस्त करतोय — दोन कुजक्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस ठासला, वरून डांबर. सासरे पालथ्या बादलीवर बसून नुसतं बघतात. मग एका फटीवरून बोट फिरवलं. म्हणाले, "इथं घाई झाली रे." मिस्त्रीनं निमूटपणे ती फट पुन्हा उकरली! जन्मभर होड्या बांधत आलेला माणूस! आमच्या ऑफिसात कारकुनाला चूक दाखवली तर आठवडाभर तोंड फुगवून बसतो.

बुधवार, ६ मार्च

लाज! लाज!

सकाळी तळ्यावर गेलो, तर होडी काठाशी बुडालेली. नुसत्या कडा वर. म्हटलं, झालं, गेली दुरुस्ती वाया. सासरे बाजारात. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दोन तास बादलीनं पाणी उपसलं, होडी ओढून काठावर घेतली आणि कडक उन्हात उपडी घातली. वाळू दे चांगली! स्वतःवर भलताच खूश होतो.

मिस्त्री आला आणि डोक्याला हात लावून खालीच बसला. "अहो पाहुणे, मीच बुडवली होती ती! लाकूड दोन दिवस पाणी पितं, फुगतं, तेव्हा कुठं फटी मिटतात. तुम्ही तर वाळवण घातलंत तिचं!"

उंटावरचा शहाणा तो मीच. आता ती पुन्हा बुडवायची, पुन्हा दोन दिवस थांबायचं. सासऱ्यांना सांगताना जीभ रेटेना. ते रागावले नाहीत. म्हणाले, "एकट्यानं ओढलीत? दोघांचं काम आहे ते, जावईबापू." संध्याकाळी मात्र मिस्त्रीला म्हणताना ऐकलं, "जावई दहावा ग्रह म्हणतात. आमचा होडीलाच लागला!" दोघं खो खो हसत होते. मलाही हसू आलं.

गुरुवार, ७ मार्च

हिचा फोन. "विचारलंस का?" म्हटलं, होडी बुडवलीय, वर आली की विचारतो. फोन आपटला!

शनिवार, ९ मार्च

काय दिवस होता!

उजाडताना निघालो. होडीत थेंबभर पाणी नाही. वल्ही सासऱ्यांनी घेतली, मला हात लावू दिला नाही. पाण्याचा आवाजसुद्धा नाही, नुसता काठ मागे जाताना दिसत होता. पलीकडची पाण्याची टाकी आणि पडकं पंपघर एका रेषेत आलं, तसे थांबले. दगड बांधलेली दोरी सोडली, गाठी मोजून खोली पाहिली. "दोन हात पुढं." दोन हात पुढं! एवढ्या मोठ्या तळ्यात!

"गळाची दोरी बोटावर ठेवा. ओढ लागली की लगेच झटका द्यायचा नाही. आधी मासा चाखतो. चाखू द्या." मी दोनदा झटका दिला, दोनदा गळ रिकामा. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन थांबलो आणि लागला! वीतभरच असेल, पण मी असा ओरडलो की काठावरचे बगळे उडाले. सासरे एवढंच म्हणाले, "आता बाकीचे गेले."

तरी तासाभरानं त्यांना एक मोठा लागला. कोपरापर्यंत लांब. ओढाताण नाही, घाई नाही. दमू दिला, जवळ येऊ दिला, दोन्ही हातांवर घेतला. पोट चाचपलं — आणि सोडून दिला! "अंडी आहेत," म्हणाले. माझा जीव हळहळला. ते पुन्हा आमिष लावत होते.

मी विम्याच्या ऑफिसातला माणूस. धोका मोजण्यावर पोट चालतं. आज काही मोजावंसं वाटलं नाही. इतकं नेमकं काम करताना मी कुणाला पाहिलेलं नाही. या माणसाला आमच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन खिडकीशी बसवायचं? मी नाही विचारणार. हिची बोलणी खाईन, उपाशी झोपेन, पण विचारणार नाही. ठरलं!

रविवार, १० मार्च

उठलो तर दाराशी सासऱ्यांची पेटी. दोरीनं आवळून बांधलेली.

"होडी मिस्त्रीला देऊन आलो. आधी सांगितलं असतं तर त्याचे हात चालले नसते." मी काहीतरी पुटपुटलो — बाबा, तुम्ही इथंच... त्यांनी हातानंच थांबवलं. "गेल्या महिन्यात चक्कर येऊन तळ्यात पडलो. त्यानंच केस धरून वर काढलं. पोरीला सांगू नका. एकदा होडीतून नीट जाऊन यायचं होतं. सोबत तुम्ही होतात, म्हणून गेलो."

पेटी मी उचलली. त्यांनी उचलू दिली.