आरामाच्या वेळी अव्वा

सोलापूर,
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप चन्नप्पामामांना भाचा बिभीषण याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. सध्या खाली वाकलो की डोक्यात ठणका मारतो आणि रुपाली ओरडते. दोहोंत ठणका बरा.) शरणम्मामामींची कंबर कशी आहे? त्या अक्कलकोटच्या तेलानं तुमचा गुडघा वाकायला लागला का? गुडघ्याचं माहीत नाही, पण वासानं शेळ्या जवळ येत नाहीत असं मागे कानावर आलं होतं. आमची अव्वा माहेरपणाला म्हणून तुमच्याकडे आली त्याला आता उन्हाळा उलटला. ऐंशीच्या घरातल्या बाईनं माहेरपण इतकं लांबवावं आणि भावानं ते सोसावं, दोघांचीही कमाल आहे.

पहिली विनंती अशी की हे पत्र मनातल्या मनात वाचा. तुमची सवय मला ठाऊक आहे. पत्र आलं की तुम्ही ओसरीवर बसून मोठ्यानं वाचता आणि वाचता वाचताच त्याचं कन्नड करून अव्वाला ऐकवता. फोन केला असता, पण तुमचा फोन बारा महिने स्पीकरवर असतो. अव्वाला मराठी वाचता येत नाही, एवढ्याच भरवशावर लिहायला बसलो आहे. ओठसुद्धा हलवू नका. ओठ न हलवता शब्द उच्चारायचे म्हणजे काय त्रास असतो ते पुढे येईलच.

तर झालं असं. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला उभा असताना मला ‘टॉवेल’ हा शब्द आठवेना. उभा जन्म टॉवेलांच्या घड्या घालण्यात गेला, तोच शब्द. शेजारच्या येडूला म्हणालो, ते अंग पुसायचं दे इकडं. येडू हसला, मीही हसलो. पुढच्या आठवड्यात बायकोचं, रुपालीचं, नाव आठवेना, तेव्हा कोणी हसलं नाही. (ती अजून हसलेली नाही.) मग दवाखाना, फोटो, मोठा दवाखाना, मोठे फोटो असं करत करत कळलं की डाव्या कानाच्या वर, आतल्या अंगाला, गाठ आहे. हळू वाढणारी आहे, काढता येईल, असं डॉक्टर म्हणतात. अडचण अशी की माणसाचं बोलणं बहुधा त्याच बाजूला वस्तीला असतं. गाठ काढताना शेजारचं बोलणं उचकटून येऊ नये, म्हणून ते नेमकं कुठं आहे हे आधी बघायचं. त्या तपासणीला फंक्शनल एमआरआय म्हणतात. नाव ऐकूनच मी थकलो.

यंत्रात भलंमोठं चुंबक असतं, म्हणून अंगावरचा सगळा धातू उतरवतात. पँटचा पट्टा, करदोट्यातला चांदीचा ताईत, पायातल्या त्या ह्या (चप्पल. रुपालीनं सांगितलं), सगळं एका ट्रेमध्ये गेलं. चांदीला चुंबक ओढत नाही असं मी म्हणून बघितलं, पण तिथं ऋतुजा नावाची करकंबची पोरगी यंत्र चालवते, ती म्हणाली, “काका, आमाला सगळं सारखंच.” पोरगी मात्र गुणी. मी विचारलं, हे यंत्र डोक्यातलं बोलणं बघतं कसं, तर तिनं सगळी कामं थांबवून सांगितलं. “उसाला दारं धरलंय का कदी? ज्या सरीला पाणी पायजे तिकडं आपण वळवतो की. डोक्यात रक्ताचं तसंच हाय. तुमी बोलायचा विचार केला की बोलायच्या जाग्याला ताजं रक्त वळतं. जरा उशिरा पोचतं, आन् लागतंय त्याच्यापेक्षा जास्तच येतं. ताज्या रक्ताची चुंबकाजवळची वागणूक येगळी, वापरलेल्याची येगळी. आमी तेवढा फरक बघतो. तुमी काय विचार करताय ते मातर न्हाय दिसत.” (हे शेवटचं ऐकून रुपालीची निराशा झाली.)

आत आडवं करतात, डोकं पिंजऱ्यात अडकवतात आणि डोळ्यांपुढे आरसा लावतात. आरशात एक अक्षर दिसलं की त्या अक्षरावरून शब्द आठवायचे, जीभ-ओठ न हलवता. अर्ध्या मिनिटानं ‘आराम’ अशी पाटी येते. मग काहीच करायचं नाही. पुन्हा अक्षर, पुन्हा आराम. नंतर कामाच्या वेळच्या रक्तातून आरामाच्या वेळचं रक्त वजा करायचं, जे उरेल ते बोलणं. हिशेब साधा आहे. पण आत यंत्र इतकं ठणाठणा वाजतं की भलेभले घाबरून बाहेर येतात म्हणे. मला मागांच्या खात्यात शिरल्यासारखं घरगुती वाटलं आणि गाढ झोप लागली. घोरताना डोकं हललं, फोटो सगळे पुसट आले. डोकं तांदळाच्या दाण्याएवढंही हलायला नको असतं.

दुसऱ्या खेपेला रुपालीनं मला दोन कप चहा पाजून आत सोडलं. मी प्रामाणिकपणे कामाला लागलो. ‘क’ आला, कडबा, कांबळं, कोकरू, कुऱ्हाड असं बिनआवाजी चाललं. ‘म’ला मेंढी, मका, माळ. पाटी आली की आराम. बाहेर आलो तर डॉक्टर पडद्याकडे टक लावून बसलेले. बोलायची म्हणून जी जागा असते तिथं कामाच्या वेळी जेवढं रक्त, आरामाच्या वेळीही जवळजवळ तेवढंच. वजा केलं तर हाती काही उरेना. त्यांनी विचारलं, आरामाच्या वेळी काय करत होता? मी म्हणालो, आराम. ते म्हणाले, म्हणजे नेमकं काय? मी खरं ते सांगितलं. अव्वाशी बोलत होतो.

मामा, यात माझा काही दोष नाही. आडवं पडून गप्प राहायला सांगितलं की अव्वा येतेच. लहानपणी बाबा मेंढरं घेऊन महिनोन् महिने लांब असायचे. सांगोल्याकडच्या त्या घरात कन्नड येणारी दोनच माणसं, अव्वा आणि मी. दिवसभर ती सासरच्यांशी मोडकंतोडकं मराठी बोलायची आणि मी घोंगडीवर आडवा झालो की शेजारी बसून दिवसभराचं तुंबलेलं कन्नड माझ्यावर मोकळं करायची. ते डोक्यात इतकं बसलं आहे की ‘आराम’ची पाटी दिसताच तिनं विचारलं, ‘ऊट आतेनु?’ जेवलास का, म्हणून. तिला उत्तर न देण्याची माझी हिंमत आजवर झालेली नाही. दिलं. मग भाजी कसली, मीठ कमी का, सून काय करते, असं ते वाढत गेलं. अक्षर आलं की मी तिला थांबवून शब्द आठवायचो आणि पाटी आली की पुन्हा तिथूनच पुढे. हे ऐकून रुपाली डॉक्टरांसमोरच म्हणाली, “घरीबी असंच अस्तंय यांचं. मी बोलाय लागले की तोंड आढ्याकडं.”

डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, मग आपण अर्धंच बघत होतो. दोन भाषा कधी एकाच जागी असतात, कधी थोड्या बाजूबाजूला. नुसतं मराठी सांभाळून गाठ काढली तर कन्नड राहील किंवा जाईल, सांगता येत नाही. तेव्हा कन्नडही बघायचं. त्यांनी कुठूनसं एका बाईचं कन्नड बोलणं आणलं आणि माझ्या कानात घातलं. ती सुरुवातीलाच ‘दयविट्टु’ म्हणाली. कृपया. अव्वा जन्मात मला कृपया म्हणालेली नाही. पुढचं पुस्तकी कन्नड मला निम्मंच कळलं, आणि परकी बाई रागावल्याशिवाय इतकं का बोलते आहे याच विचारात वेळ गेला. ती खेपही वाया.

आता थकलो, मामा. आणि मला भीती वाटते. मरणाची नाही, त्याबद्दल डॉक्टर बरं बोलतात. कन्नड गेलं तर कारखान्यात कोणाला कळणारही नाही, आमच्या मुलीला, संस्कृतीला, तर ते येतच नाही. पण अव्वाचं मराठी सासूसासऱ्यांशी बोलून शिकलेलं, त्यात सगळ्यांना ‘तुमी’ आणि ‘बसा’. रागावण्यापुरतं मराठी तिला येत नाही. मला ती ‘अहो, जेवा’ म्हणायला लागली तर मी कोणाचा मुलगा राहिलो?

बाकी सगळं ठीक. मामींना नमस्कार सांगा. काळजी करू नका, केलीत तरी ती स्पीकरवर नको.

आपला भाचा,
बिभीषण

ता. क. एक काम आहे. पुढच्या खेपेला यंत्रात कानात घालायला अव्वाचं बोलणं मोबाइलवर भरून पाठवा. गोड नको, मला शिव्या घालतानाचं. विषय तुम्ही काढा : मी दिवाळीला आलो नाही, नातीला कन्नड शिकवलं नाही, काहीही चालेल. अर्धं मिनिट बोलणं, अर्धं मिनिट शांतता, पुन्हा बोलणं, असं थोडा वेळ हवं. बोलण्याची चिंता नाही. शांततेचं कसं जमवायचं ते तुम्हीच बघा, तुम्ही तिचे भाऊ आहात.

ता. क. दुसरा. कशाला म्हणून विचारलं तर मोबाइल बिघडलाय का बघतोय म्हणून सांगा. गाठीचं तिला सांगू नका. रडत बोलली तर उपयोगाचं नाही, मला तिच्या रडण्याची सवय नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र एवढंच आहे. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो की मला तेच बोलणं ऐकवणार आहेत. त्या वेळी तुम्ही माझ्याजवळ पाहिजे. मला कळलं तर मी आपोआप ‘हूं, अव्वा’ म्हणेन, मग तुम्ही चहा पिऊन गाडी पकडा. नाही कळलं, तर शेजारी बसून ती काय म्हणते आहे ते मला मराठीत सांगा. शिव्या गाळू नका.