आहेत ते ब्रेक पुरेत

३ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ.

फोनवर तू नुसता हो हो म्हणतोस आणि मागे कुणीतरी हातोडा मारत असतं, म्हणून लेखी विचारते. मला माझ्या डोंगरी सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवायचेत. स्वस्तातले, पण भरवशाचे. तारेचे ब्रेक लांब उतारावर दाबून दाबून बोटं बधिर होतात. दिवसभर दातांचे साचे घासणारी बोटं ती, आधीच कुरकुरतात.

आमच्या चमूने टेकडीमागचा मोठा उतार ठरवलाय. औषधांच्या दुकानवाली मैत्रीण कधीची तयार आहे. मी सांगितलंय की ब्रेक बदलल्याशिवाय येणार नाही. इंटरनेटवर वाचून डोकं गरगरलं. एक म्हणतो हा घ्या, दुसरा म्हणतो चुकूनही घेऊ नका. घरात सायकलींचं दुकान असताना मी परक्यांचं का वाचत बसू? तू सांगशील तो सेट घेईन.

आई बरी आहे. माझं हेल्मेट दिसलं की तोंड फिरवते. भाचेमंडळींना पापा. आठवण आहे तशीच असू दे.

तुझी ताई

५ एप्रिल

चि. बाळास आईचे आशीर्वाद.

ताई लॅबमध्ये गेलीय तोवर लिहिते. चव्वेचाळीस वर्षांची बाई टेकड्यांवरून उड्या मारत खाली येते, हे मला बघवत नाही. सोड म्हटलं तर ती सायकल सोडणार नाही, माझ्याशी बोलणं सोडेल. परवा म्हणाली की नवे ब्रेक मिळाल्याशिवाय मोठ्या उतारावर जाणार नाही. मग ते मिळूच नयेत असं काहीतरी कर. जावयांनाही हेच वाटतं, पण ते तोंड उघडायचे नाहीत. सायकलीच्या बाबतीत ती फक्त तुझं ऐकते. मी काही बोलले हे तिला कळू देऊ नकोस.

वेळेवर जेवत जा. आईवर माया असू दे.

आई

११ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं, पानांना ग्रीस लागलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की स्वस्तातले हायड्रॉलिक घेऊ नकोस. जोडातून तेल झिरपतं, पॅड खराब होतात आणि आयत्या वेळी दांडा हँडलपर्यंत दाबला तरी सायकल थांबत नाही. चांगले सेट तुझ्या सायकलच्याच किमतीला पडतील. वर्षभर थांब, काही बरं आलं की मीच कळवीन. तोवर नवी तार आणि नवे पॅड टाकून घे. आहेत ते ब्रेक तुला पुरेत.

हिरमुसू नकोस. भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

२९ मे

चि. धाकट्यास अ. आ.

डाव्या मनगटाला प्लास्टर आहे. उजव्या हाताने लिहिते, म्हणून अक्षर बरं आहे.

मी मोठ्या उतारावर गेले. ब्रेक पुरेत असं तू लिहिलं होतंस, मग कशाला थांबू? तार नवी, पॅड नवे. पहिली तीन वळणं झकास गेली. पुढे बोटांतला जोर संपला, दांडा दाबला जाईना आणि मी सायकलसकट झुडपात गेले. तरी तुला बोल लावला नव्हता. उलट आईला म्हटलं की त्याला कळवू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल. ती एकदम उठून आत गेली. तेव्हा काही कळलं नाही.

काल औषधवाली भेटायला आली. तिची सायकल दारात होती, तिला नवे हायड्रॉलिक; इतके दिवस माझं लक्षच गेलं नव्हतं. मार्चमध्ये तुमच्या गावी कामानिमित्त गेली तेव्हा तुझ्याच दुकानातून घेतले म्हणे. दुकानाचा पत्ता मी मोठ्या तोऱ्यात दिला होता, पण तिने माझी ओळख सांगितली नाही, सवलत मागितल्यासारखं वाटेल म्हणून. तू तिला सांगितलंस की स्वस्तात याहून चांगलं नाही. हा सेट मिनरल ऑइलवर चालतो, पॅड कुठेही मिळतात, पुढची चकती जरा मोठी घ्या आणि डोळे झाकून जा. त्या दिवशी उतारावर माझ्या पुढे होती ती. एका बोटाने ब्रेक दाबत उतरली.

म्हणजे मी विचारायच्या आधीपासून तुला माहीत होतं. का केलंस, तेवढं लिही.

ताई

४ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

आईने सांगितलं होतं. तिचं म्हणणं मोडवलं नाही. तू उतारावर जाणार नाहीस असंच आम्हाला वाटलं. शेवटचं वाक्य तुला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं, तू त्यावर विसंबशील हे डोक्यातच आलं नाही. तोच सेट आजच पाठवतो. पैशांचा विषय काढू नकोस. माफ कर.

धाकटा

२० जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पार्सल न उघडता परत पाठवलंय. राग म्हणून नाही. त्यात काय असेल याची मला खात्री वाटेना आणि तसं वाटलं याचीच लाज वाटली.

आईला मी काही बोलले नाही. ती भ्याली होती आणि तिला ब्रेकमधलं काही कळत नाही. तुझ्या भावोजींनी विचारल्यावर कबूल केलं, सगळं माहीत असून ते रोज माझ्या सायकलमध्ये हवा भरून देत होते. रात्री जेवायला बसलो की वाटतं, या टेबलाशी मी सोडून सगळे एका बाजूला आहेत.

प्लास्टर निघालं. साचा धरताना मनगट अजून दुखतं, पण डॉक्टर सायकलला हो म्हणाले. तेव्हा ब्रेक हवेतच, आणि ते तूच बसवावेस. हात तुझेच चांगले आहेत. पुढच्या महिन्यात सायकल घेऊन येईन आणि काउंटरच्या बाहेर रांगेत उभी राहीन. मला ताई म्हणू नकोस. ओळख न देणाऱ्या बाईला जे सांगितलंस, तेच आणि तेवढंच मला सांग.

माया आटलेली नाही. आटली असती तर बरं झालं असतं.

एक गिऱ्हाईक